सरपणाची मोळी आणि चाकाचे अर्थशास्त्र

(भिलाई येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तंत्रज्ञानाचा स्वीकार या विषयावर प्रश्न आला की आपण हरितक्रांतीची बियाणे, ठिबक सिंचन किंवा भ्रमणध्वनी यांची उदाहरणे देतो. आज मी त्याहून साधे उदाहरण घेणार आहे. सरपण घरी आणण्यासाठी आणि फोडण्यासाठी लोक स्वतः कोणती साधने तयार करतात, आणि कोणती तयार करीत नाहीत, हा आजचा विषय आहे.

ज्या नगरीत आपण बसलो आहोत तेथे हा प्रश्न अधिकच ठळकपणे दिसतो. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली कार्यान्वित झाली. दल्ली-राजहराच्या डोंगरातील लोहखनिज रेल्वेने येथे येते. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावांत सरपण मात्र चुंबळीवर ठेवलेल्या मोळीच्या रूपाने, बाईच्या डोक्यावरून घरी येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४९ टक्के कुटुंबांचे स्वयंपाकाचे मुख्य इंधन लाकूड होते; छत्तीसगडमध्ये हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस जोडण्या झपाट्याने वाढल्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडमधील जेमतेम एक तृतीयांश कुटुंबेच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत असल्याचे आढळले. सरपणाची साधने हा म्हणूनच भूतकाळाचा विषय नव्हे.

प्रथम फोडण्याची साधने पाहू. येथे ग्रामीण कारागिराने कोणाच्याही अनुदानाची वाट पाहिलेली नाही. बांधकामाच्या सामान्य पोलादात कार्बनचे प्रमाण कमी असल्याने त्याच्या कुऱ्हाडीची धार टिकत नाही. ट्रकच्या मोडलेल्या कमानपट्ट्यांत ते बरेच अधिक असते आणि असे पोलाद पाणी देऊन कठीण करता येते. गावचा लोहार ही पट्टी भंगारातून घेतो, भात्यावर तापवतो, आणि अनेकदा रुळाच्या तुकड्याचीच ऐरण करून तिच्यावर घडवतो. झाड तोडण्याची कुऱ्हाड पातळ पात्याची असते, तर ओंडका फोडण्याची जाड आणि जड असते. पहिलीने तंतू आडवे कापायचे असतात, दुसरीने ते उभे विलग करायचे असतात. गाठीचा ओंडका असेल तर कुऱ्हाड बाजूला ठेवून, टोकाला गेलेल्या तड्यात पाचर बसवून तिच्यावर घण घालतात. पाचरीची फक्त धारच कठीण करायची, माथा मऊ ठेवायचा, हे लोहार अनुभवाने जाणतो. माथाही कठीण केला तर घणाच्या आघाताने त्याची कपची उडून डोळ्याला इजा होऊ शकते. दांड्यासाठी धामणीचे लाकूड पसंत करतात, कारण ते चिवट असून हादरा सोसते. धातुशास्त्राचा एवढा मजकूर एका साध्या पाचरीत सामावलेला आहे. बारीक फोडलेले लाकूड लवकर वाळते आणि कमी धुराने जळते, म्हणजे हे श्रम स्वयंपाकघरातही फळतात.

वाहतुकीचे चित्र नेमके उलट आहे. ज्या समाजाने कमानपट्टीची कुऱ्हाड केली, त्याला दोन चाकांवर मोळी बांधता येत नव्हती असे मानणे हास्यास्पद आहे. झारखंडमध्ये हजारीबाग परिसरातून रांचीकडे कोळसा नेणारे लोक सायकलचे पॅडल आणि साखळी काढून टाकतात, चौकटीला बांबू व लाकडे बांधतात आणि दोनशे किलोंहून अधिक भार ढकलत नेतात. कौशल्य आहे, भंगार सायकलीही आहेत. मग बाईच्या डोक्यावरची मोळी चाकावर का गेली नाही?

याचे एक उत्तर कायद्यात आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ अन्वये, वनगुन्हा घडल्याचा संशय असल्यास वनोपजासह त्यासाठी वापरलेली हत्यारे, गाड्या आणि जनावरेही जप्त करता येतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर साधन जितके चांगले तितके जप्तीचे नुकसान मोठे. डोक्यावरच्या मोळीत भांडवल शून्य असते. जप्त झालीच तर फक्त लाकूड जाते. त्यामुळे गरीब कुटुंबाने सर्वांत अकार्यक्षम साधन निवडणे हा अडाणीपणा ठरत नाही, तो जोखमीचा चोख हिशेब ठरतो.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत काटक्याकुटक्या आणि बुंधे यांचा समावेश केला. इमारती लाकूड वगळले. परंतु २००८ च्या नियमांनी या वनोपजाची वाहतूक डोक्यावरील ओझे, सायकल आणि हातगाडी एवढ्यापुरतीच मर्यादित ठेवली. हक्क दिला आणि त्याचे साधनही नियमातच ठरवून टाकले, असा हा विलक्षण प्रकार होता. गडचिरोली जिल्ह्यातील, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये पडली. सप्टेंबर २०१२ च्या सुधारणेने ‘योग्य वाहतूक साधन’ असा व्यापक शब्द आला आणि परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे गेले. परीक्षार्थींनी २००६ च्या कायद्याबरोबर ही २०१२ ची दुरुस्तीही अवश्य वाचावी. बहुतेक टिपणांत ती एका ओळीत उरकलेली असते.

दुसरे उत्तर घरात आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर अशा पुरुषांचे ९७ मिनिटे खर्ची पडत असल्याचे दिसले. सायकल बहुधा पुरुषाच्या नावावर व ताब्यात असते. सरपण सायकलवर चढले की बहुतेक वेळा ते बाजाराकडे, वखारीकडे किंवा ढाब्याकडे वळते. घरच्या चुलीचे सरपण डोक्यावरच राहते. चाक आले म्हणजे बाईचे ओझे उतरले, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. बाईच्या वेळेला किंमत नसेल तर तिचा वेळ वाचवणाऱ्या यंत्रावर कोणी खर्च करीत नाही. केवळ अवजारे वाटण्याच्या योजनांबद्दल मी साशंक आहे तो याच कारणाने.

वस्तुतः आवश्यक साधन फार गुंतागुंतीचे नाही. जंगलातील पायवाट अरुंद असते, तेथे दोन चाकांची गाडी अडते. चीनमधील जुन्या एकचाकी गाडीत मोठे चाक मध्यभागी असते आणि बहुतेक भार तेच पेलते, ढकलणाऱ्याच्या हातावर थोडाच येतो. सायकलचे चाक आणि लोखंडी नळ्या वापरून तशी गाडी कोणताही वेल्डर जोडू शकेल. अडचण आहे ती मागणी नोंदवणाऱ्याची. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्या व्यवस्थापन आराखड्यात अशा चार-पाच गाड्या सामाईक मालकीच्या म्हणून घालता येतील. मालकी ग्रामसभेची, वापर बायकांचा आणि परवाना त्याच समितीचा, अशी मांडणी झाल्यास जप्तीची भीतीही ओसरते. गाडी कोणत्या दिवशी कोणाकडे राहील आणि पंक्चर कोणी काढायचे, हे मात्र बायकांच्या बैठकीतच ठरले पाहिजे.