फोटोतली बाई कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा माझा विषय मोटारगाड्यांच्या जुन्या जाहिरातींतला आहे. मोटारीचा आणि आपल्या महिला मंडळाचा संबंध काय, असे आपल्याला वाटेल. तो ओघाने येईल.

मोटार नवी होती त्या काळापासूनच कारखानदारांनी एक गोष्ट हेरली होती. गाडीजवळ बाई उभी केली की लोक तो फोटो दोनदा पाहतात. आणि बाईच गाडी चालवते आहे असे दाखवले, की गाडी चालवायला सोपी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा फोटोखाली गाडीचे नाव असते, कारखान्याचे असते, अश्वशक्तीचा आकडा असतो. बाईचे नाव बहुधा नसते. शंभर वर्षांनी तो फोटो कोणाच्या हाती पडला तर गाडी ओळखणे फारसे अवघड जात नाही. दिव्यांची घडण, चाकांच्या आऱ्या, पुढची जाळी पाहून जाणकार माणूस गाडीचे साल सांगतो. निदान नंबराची पाटी तरी असते. बाईला नंबराची पाटी नसते!

पण नाव छापलेले असूनही बाई हरवते. तशीच एक हकीकत मी आज सांगणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये नेपियर नावाच्या मोटारी निघत. त्यांच्या विक्रीचे काम एस. एफ. एज नावाचे गृहस्थ पाहत. ते स्वतः नामांकित शर्यतपटू होते. फ्रान्समध्ये कामिय द्यू गास्त ही बाई १९०१ साली पॅरिस ते बर्लिन या शर्यतीत उतरली होती आणि तिचा बराच बोलबाला झाला होता. आपल्या गाडीवरही अशी एखादी बाई दिसावी, असे एजसाहेबांना वाटले असल्यास नवल नाही. त्यांच्याच कचेरीत डॉरोथी लेव्हिट नावाची विशीतली मुलगी नोकरीला होती. तिला गाडी चालवायला शिकवण्यात आले. पुढे पॅरिसला पाठवून गाडी बांधतात कशी, हेही शिकवले.

म्हणजे सुरुवात झाली ती जाहिरातीसाठी. पण या मुलीने जाहिरातीच्या पलीकडे मजल मारली. १९०३ साली ती शर्यतीत उतरली. १९०५ साली आठ अश्वशक्तीची लहानशी गाडी घेऊन ती लंडनहून लिव्हरपूलला गेली आणि परत आली. जाऊन-येऊन हा प्रवास चारशे मैलांहून अधिक होतो. सोबत मेकॅनिक नव्हता. होता तो एक निरीक्षक आणि तिचा लाडका पोमेरियन कुत्रा. त्याच साली ब्रायटनच्या शर्यतीत तिने ताशी सुमारे ८० मैलांचा वेग गाठला. १९०६ साली ब्लॅकपूलला तर ताशी जवळजवळ ९१ मैल, म्हणजे १४६ किलोमीटर! तेव्हाच्या उघड्या गाडीत, चेहऱ्यावर वारा घेत, हा वेग म्हणजे काय हे आपणच ताडून पाहा. इतके करूनही १९०७ साली ब्रुकलँड्सची शर्यतीची धावपट्टी सुरू झाली, तेव्हा बाई म्हणून तिला तेथे प्रवेश नाकारला. तिने फ्रान्स आणि जर्मनीत जाऊन शर्यती केल्या.

१९०९ साली तिने बायकांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिले. त्यातले फोटो मला फार आवडतात. त्यांत ती नुसती ऐटीत बसलेली नाही. गाडीचे झाकण उघडून ती आतले भाग तपासते आहे, हँडल मारते आहे. पुस्तकातला सल्लाही घरगुती, उपयोगी पडणारा आहे. अंगावर झालरी-लेस नको, वरून साधा डगला घाला. बसण्याच्या जागेखालच्या खणात एक हातआरसा ठेवा आणि मधूनमधून तो वर धरून मागून कोणी येत आहे का ते पाहा. गाडीलाच मागचे पाहण्याचा आरसा लावण्याची पद्धत रूढ झाली ती त्यानंतर!

आणि मग ही बाई दिसेनाशी झाली. १९१० साली ती विमान चालवायला शिकू लागल्याचे वाचायला मिळते. त्यानंतर वर्तमानपत्रांतून तिचे नाव येईनासे झाले. फोटो राहिले, वेगाचे आकडे राहिले. पण ही डॉरोथी लेव्हिट मूळची कोण, कुठली, पुढे तिचे काय झाले, हे पुष्कळ वर्षे कोणाला ठाऊक नव्हते.

याचे कारण साधे होते. जन्माच्या नोंदीत डॉरोथी लेव्हिट नव्हतीच. तेथे होती एलिझाबेथ लेव्ही. जन्म ५ जानेवारी १८८२, लंडनमधील हॅकनी, घर ज्यू. त्या काळी इंग्लंडमधली कितीतरी ज्यू कुटुंबे आपले आडनाव इंग्रजी वळणाचे करून घेत, तसेच याही घराने केले. तिच्या पुस्तकाच्या आरंभी तिचा परिचय दिला आहे. तिचे घर, तिची राहणी, तिचे छंद सारे त्यात आहे. लेव्ही हे नाव मात्र नाही. जन्माच्या आणि मृत्यूच्या दप्तरातल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा कोठे धागा जुळला. १७ मे १९२२ रोजी लंडनमध्ये ती आपल्या राहत्या घरी मृतावस्थेत सापडली. वय अवघे चाळीस. हृदयविकार होता, त्यात गोवर निघाला होता, आणि मॉर्फिन अंगात भिनले होते. अपघाती मृत्यू असा निकाल झाला. मृत्यूच्या दाखल्यावर नाव होते डॉरोथी एलिझाबेथ लेव्ही. ज्या बाईचा वेग पाहायला हजारो लोक जमत, तीच ही बाई, हे त्या कागदावरून कोणाला कळणार?

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०३ साली आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात मोटारबोटींची हार्म्सवर्थ करंडकाची पहिली शर्यत झाली. तीत नेपियरची बोट जिंकली. बोटीत डॉरोथी होती. करंडकावर नाव कोरले गेले ते बोटीचे मालक एज यांचे. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. मालकाचे नाव कोरावयाचे, असा रिवाजच होता. पण रिवाजाने नाव पुसले काय आणि हाताने पुसले काय, पुसले ते पुसलेच.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतले आहे. १९०९ साली मॅक्सवेल कंपनीने गाडी आणि खर्च देऊन ॲलिस रॅमसे या बावीस वर्षांच्या बाईला न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला धाडले. ९ जूनला ती निघाली, ७ ऑगस्टला पोचली. रस्ते बहुतेक मातीचे. वाटेत ११ टायर बदलावे लागले. गाडीत चौघी बायका होत्या आणि चालवता येत होते ते एकट्या ॲलिसला. वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले, पण नाव दिले ते मिसेस जॉन रॅमसे, म्हणजे नवऱ्याचे. बाकीच्या तिघी तर नुसत्या सोबतिणी. परंतु ॲलिस दीर्घायुषी ठरली. १९६१ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, तिने या प्रवासाची हकीकत स्वतः लिहून छापली. म्हणून आज आपण फोटोवर बोट ठेवून सांगू शकतो, की ही नेटी पॉवेल, ही मार्गरेट ॲटवुड, दोघी ॲलिसच्या नणंदा, आणि ही तिची तरुण मैत्रीण हर्मीन जाह्न्स. चौघींची नावे राहिली ती एकीने लेखणी हाती घेतली म्हणून.

आता आपल्या मंडळाकडे येते. या स्मरणिकेसाठी कपाटातले जुने फोटो काढले, त्यांत पहिल्या काही वर्षांचे गटफोटो आहेत. काहींवर ‘बसलेल्या, डावीकडून’ अशी यादी आहे. पण त्या यादीत नावे कशी? सौ. अमुक, सौ. तमुक. आडनाव सासरचे, आद्याक्षर पतीचे. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहायची आपल्याकडे चाल आहे. कित्येकींचे माहेरचे नाव त्या दिवशी जे मागे पडले, ते आज त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नाही. माझ्या आजीचे पाळण्यातले नाव मला तिच्या मागे, तिच्या धाकट्या बहिणीकडून कळले. ती बहीणही आज नाही. आठवडाभर आधी विचारायचे राहिले असते तर ते नाव त्यांच्याबरोबरच गेले असते.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आज समारंभ संपला की पाठीमागच्या टेबलावर हे गटफोटो मांडून ठेवले आहेत. आपल्यातल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या भगिनींनी दोन मिनिटे तेथे थांबावे. आपल्याला जी ओळखता येईल तिचे नाव सांगावे. सासरचे सांगा, माहेरचेही सांगा, हाक मारायचे नाव असेल तर तेही सांगा. आणि एवढ्यावर थांबू नका. बालवाडीसाठी दारोदार हिंडून वर्गणी कोणी गोळा केली, हळदीकुंकवाला विधवा बहिणींनाही बोलवावे असा आग्रह पहिल्याने कोणी धरला, हिशेबाची वही कोणी लिहिली, तेही सांगा. तरुण मुलींनी ते टिपून घ्यावे. शाई मागून फुटते, म्हणून मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने फोटोच्या मागे लिहावे. नाही तर वेगळी चिठ्ठी करून फोटोबरोबर पाकिटात ठेवावी. घरी गेल्यावर आपापल्या ट्रंकेतल्या फोटोंचेही असेच करावे.

डॉरोथी लेव्हिटचे नाव जुळवायला परक्या माणसांना सरकारी दप्तरे चाळावी लागली. आपल्या बायकांना ओळखणारे डोळे अजून या दिवाणखान्यात बसले आहेत. दप्तरांपेक्षा ते अधिक सांगतील. पण दप्तरांइतके ते टिकणार नाहीत.

टेबलावर पेन्सिली ठेवलेल्याच आहेत.