तक्रार लिहिताना संगणक गप्प हवा



सोलापुरात विडीची मजुरी हजारी मोजतात. केंद्रात येणारी विडी कामगार बाई तेवढ्या विड्यांवर पाणी सोडून येते. ती छळ सांगत असते, आपण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा घटना अहवाल संगणकावर भरत असतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपचा निरोप उगवतो. आपली नजर तिकडे जाते. ‘मॅडमना काम दिसतंय’ म्हणून ती पुढचं गिळून टाकते. बहुधा ते लैंगिक छळाचं असतं. अहवालात त्याची वेगळी जागा आहे. ती कोरीच राहते. शिवाय निरोपात दुसऱ्या एखादीचं नाव असलं, आणि समोरची तिच्याच गल्लीतली निघाली, तर?

विंडोज ११ मध्ये खाली उजवीकडच्या घड्याळावर क्लिक करा, घंटीचं चिन्ह दाबा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू होतं. निरोप हरवत नाहीत, नंतर वाचता येतात. हेल्पलाइनचा फोन मात्र चालूच हवा. तो दुसऱ्या कार्यकर्तीने बाहेर, व्हरांड्यात का होईना, सांभाळावा. निधी देणाऱ्यांचे मेल संध्याकाळी पाहिले तरी चालतात, असं माझं मत. संस्थाचालकांना ते पटवायला वेळ लागेल.