सरकारी आरोग्यसेवा : तिचे दरवाजे आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लोणार येथे झालेले भाषण)



विषय कार्यकारी मंडळाने नेमून दिला आहे आणि तो रूक्ष आहे. भोजनाची वेळ समीप आली असता सरकारी खात्यांचे वर्णन ऐकावयाचे म्हणजे शिक्षाच होय. परंतु या मंडपातील असे एकही घर नसेल की ज्याला वर्षाकाठी एकदा तरी रुग्णालयाची, दाखल्याच्या खिडकीची अथवा तहसील कचेरीची पायरी चढावी लागत नाही. तेव्हा थोडा वेळ सहन करावे.

प्रथम कोतवाल बुकाविषयी सांगतो. जातपडताळणीच्या निमित्ताने या बुकाची नक्कल मिळविण्यासाठी आपण किती हेलपाटे घालतो हे सर्वांना विदित आहे. ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या पूर्वीचा पुरावा लागतो. आणि पणजोबांच्या घरी मूल जन्मल्याची एक ओळ त्यात सापडली की घरात पेढे वाटले जातात. परंतु हे बुक जातीचे दाखले देण्याकरिता कोणी ठेविले नव्हते. आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता त्या काळी गावोगावचे जन्ममृत्यू कोतवालाकडून कळत. पटकी, प्लेग, देवी यांनी कोणत्या गावची किती माणसे नेली, हे सरकारला समजावयाचे तर त्या नोंदीवरूनच. म्हणजे ज्या कागदाच्या बळावर आज आपला नातू महाविद्यालयात प्रवेश मिळवितो, तो मुळात सार्वजनिक आरोग्याचा कागद आहे! कोतवालाने ती ओळ लिहिली नसती, तर आपण काय केले असते?

आणि आज आपण स्वतः काय करीत आहोत? १९६९ च्या कायद्यान्वये जन्म अथवा मृत्यू २१ दिवसांच्या आत कळविला तर नोंदीला पैसा पडत नाही. खेड्यात ग्रामपंचायत, लोणारसारख्या गावी नगरपरिषद. रुग्णालयात जन्म झाला तर कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद अडत नाही. ते बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. मात्र वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून नोंद होत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे. आपल्या स्मरणिकेत वधूवरांची सूची छापतो, तीत जन्मवेळ मिनिटामिनिटाने दिलेली असते; परंतु त्यांपैकी किती जणांचा जन्म सरकारदप्तरी वेळेवर नोंदला गेला होता, हे विचारण्याचे धाडस मला होत नाही.

आता दरवाज्यांकडे वळू. ‘सरकारी दवाखाना’ असा एकच शब्द आपण वापरतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. खेड्यातील उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र ही जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या, तेव्हापासूनची ही व्यवस्था. सपाटीच्या मुलखात सुमारे ५,००० वस्तीमागे उपकेंद्र, ३०,००० वस्तीमागे आरोग्य केंद्र आणि सर्वांवर जिल्हा आरोग्य अधिकारी. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग्यांचा शोध ही कामे त्यांची. २००५ नंतर हजारेक वस्तीमागे एक आशाताई आली, ती याच दरवाज्याची. परंतु लोणारच्या ग्रामीण रुग्णालयाचा कारभार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतो. ते जिल्हा परिषदेचे नोकर नव्हेत, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयाचे गाऱ्हाणे जिल्हा परिषदेत नेले तर कागद नुसता फिरत राहतो. तिसरा दरवाजा वैद्यकीय महाविद्यालयांचा. अकोल्याचे रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’ यांचे खाते निराळेच, वैद्यकीय शिक्षणाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व संस्थांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सर्व विनामूल्य झाले; हा निर्णय या तिसऱ्या दरवाज्याला लागू नव्हता. रुग्ण तेथे पोचला की पैसे मागतात, आणि आपण म्हणतो, सरकारने फसविले. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आहे, एवढे सांगून ती बाजूला ठेवतो.

या खात्यांच्या मधल्या फटीत माणूस कसा सापडतो ते पाहा. आपल्याच ज्ञातीतील एका घरी कर्त्या पुरुषाला हृदयाचा विकार जडला. गावाचे व रुग्णालयाचे नाव घेत नाही. शस्त्रक्रियेसाठी दोन एकर जमीन विकली. पुढे कळले की ते रुग्णालय शासनाच्या योजनेत होते आणि ती शस्त्रक्रियाही योजनेच्या यादीत होती. ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. जुलै २०२४ पासून तर पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनाही तिचा लाभ खुला झाला आणि कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठरले. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा मनुष्य बसतो. रुग्णाला दाखल करताना शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन प्रथम त्याला गाठावयाचे. पैसे भरून झाल्यावर नव्हे. त्या घरात दोन पदवीधर होते! जमीन गेली ती दारिद्र्यामुळे गेली नाही, कोणास विचारावे हे ठाऊक नसल्यामुळे गेली.

निराधारांच्या अनुदानाविषयी बोलताना मला अधिक वाईट वाटते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची; तिचा दरवाजा तहसील कचेरी. पासष्टीपुढील निराधार वृद्धांकरिता श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले, परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची अट तशीच ठेविली गेली. हिशेब करा : दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही नव्हेत. एवढ्यावर जगणारे कुटुंब खरे दाखले आणू लागले तर अर्जदार किती उरतील? ही अट अन्यायाची आहे, आणि तसे मंडळाने ठरावाद्वारे शासनास कळवावे असे माझे मत आहे. परंतु जी विधवा भगिनी त्या अटीत बसते तिलाच आपले दीर-भासरे अर्ज करू देत नाहीत, कारण म्हणे घराण्याची अब्रू जाते. दोन वेळच्या जेवणासाठी तिने भावजयीच्या तोंडाकडे पाहिले तर अब्रू जात नाही काय?

यंत्रणा सुस्त आहे, पदे रिकामी राहतात, औषध ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी मिळते, हे सारे मी जाणतो. २०२० च्या जूनमध्ये आपल्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा चौकशीला देश लोटला. लोणारहून रात्री बाळंतिणीला बुलढाण्यास नेताना किती वेळ लागतो, हे विचारावयास कोणी आले नाही. तरीही एक अनुभव याच जिल्ह्यातला आहे. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तरुण मुलामुलींच्या सोयरिकी अडतील या धास्तीने काही घरांनी तोंड लपविले असेल. पण गावांनी मिळून आवाज उठविला, तेव्हा आरोग्य पथके घरोघर फिरली, पाण्याचे नमुने गेले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची माणसे गावात आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, केस व गहू तपासून सेलेनियमकडे बोट दाखविले. लपविलेल्या रोगाचा असा शोध झाला असता काय?

आता मंडळापुढे माझी मागणी. सुलतानपूर, बीबी, हिरडव आणि लोणार येथे आपली वस्ती आहे. प्रत्येक गावी एक पुरुष व एक स्त्री अशी दोन माणसे नेमावीत. सेवानिवृत्त मंडळी पुष्कळ आहेत, वेळ घालविण्यासाठी पारावर बसतात. कोणते काम कोणत्या दरवाज्याचे, हे त्यांनी सांगावे; अर्ज लिहून द्यावा; पोच घेतल्यावाचून कचेरीतून परतू नये. निराधार वृद्धांचा हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान थांबते. त्याची तारीख लक्षात ठेवण्याचे कामही त्यांचेच. आणि वधूवर सूचीच्या अर्जात जन्मनोंदणी क्रमांकाचा एक रकाना वाढवावा. गोत्र विचारतो, तेथे हेही विचारू.

ज्यांच्या घरी जन्म अथवा मृत्यू होऊन वर्ष उलटले व नोंद राहिली आहे, त्यांनी भोजनोत्तर माझ्याकडे नाव, गाव व तारीख लिहून द्यावी. मी वही आणली आहे आणि सायंकाळपर्यंत येथेच आहे.