हिरवळीचा श्वास

गोल्फच्या मैदानावर चेंडू अखेर ज्या खळग्यात पडतो, त्याच्या भोवतालच्या मखमली हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात. तिच्यावर मुद्दाम छिद्रे पाडलेली पाहून खेळाडू रागावतात. परंतु ती इजा नव्हे, उपचार होय.

नित्याच्या पावलांनी व यंत्रांच्या भाराने वरची २-३ इंच माती घट्ट होते. कणांमधील पोकळ्या मिटल्या की पाणी मुरत नाही आणि हवाही आत शिरत नाही. मुळांनाही प्राणवायू लागतो. तो न मिळाल्यास ती उथळ राहतात व उन्हाच्या तडाख्यात गवत करपते. मग पाणी वाढवावे, तर रोग बळावतो.

म्हणून पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीच्या सुमारे अर्धा इंच जाडीच्या कांड्या उपसून काढतात व छिद्रांत कोरडी वाळू भरतात. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची निगा १८६५ पासून राखणारे टॉम मॉरिस हेही हिरवळीवर वाळू पसरीत.

गवत जोमाने वाढत असतानाच हे करावे, म्हणजे काही आठवड्यांत छिद्रे भरून येतात. आपल्या शाळेच्या क्रीडांगणावर असे यंत्र कोठून येणार? तेथे लोखंडी दातांचा काटा खोल रोवून किंचित हलविला, तरी गवताला श्वास घेता येईल.