स्पॅनिशची साहाय्यक क्रियापदे आणि मराठीचा आधार
(व्याख्यान)



उज्जैनच्या रेल्वे स्थानकाजवळील देवास गेट हा परिसर बसस्थानक व माधव महाविद्यालय यांमुळे परिचित आहे. शिंद्यांच्या अमदानीपासून माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले घरी मराठी व बाहेर हिंदी बोलतच वाढली. माधव महाविद्यालयात शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. अशा द्विभाषिक घरातील विद्यार्थ्याने सुमारे वीस देशांची राजभाषा असलेली स्पॅनिश शिकावयास घेतली, तर त्याने आधार कोणत्या भाषेचा घ्यावा? पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीत असल्यामुळे तो इंग्रजीचा घेतो. शक्यता, सक्ती, अनुज्ञा व अनुमान दर्शविणाऱ्या क्रियापदांपुरती तरी ही आडवाट ठरते.

देवास गेटवर उशिरा पोहोचलेला प्रवासी मराठीत म्हणतो, 'गाडी गेली असावी', किंवा 'गेली असेल'. स्पॅनिशमध्येही हे दोन्ही मार्ग आहेत : 'देबे दे आबेर सालिदो' आणि 'आब्रा सालिदो'. पहिल्यात कर्तव्यवाचक 'देबेर' हेच क्रियापद अनुमानासाठी येते, दुसऱ्यात भविष्यकाळ. मराठीचा '-आवा' प्रत्यय नेमके हेच करतो. 'त्याने यावे' येथे कर्तव्य, 'तो आला असावा' येथे तर्क. हिंदी भाषिक या ठिकाणी 'चली गई होगी' असे सहजपणे म्हणतो, म्हणजे भविष्यकाळाचाच मार्ग धरतो. 'देबेर'पुढील 'दे' हा शब्द अनुमानात गाळला तरी चालतो. कर्तव्याच्या अर्थी मात्र तो घालणे १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीस मान्य नाही.

इंग्रजीच्या 'कॅन'ने तर विद्यार्थी हमखास फसतो. 'मला पोहता येते' आणि 'पाय दुखत असल्यामुळे आज मी पोहू शकत नाही' या दोन वाक्यांतील भेद मराठी मुलास कोणी शिकवावा लागत नाही. पहिल्यासाठी स्पॅनिशमध्ये 'साबेर' म्हणजे जाणणे, दुसऱ्यासाठी 'पोदेर' म्हणजे शकणे. 'येथे थांबता येत नाही' यातील 'येणे' मात्र कौशल्याचे नव्हे, मनाईचे आहे. तेथे 'नो से पुएदे' असे 'पोदेर'च योजावे लागते.

नकारात चूक महाग पडते. 'नो देबेस इर' म्हणजे 'तू जाऊ नयेस'. 'नो तिएनेस के इर' म्हणजे 'तुला जावे लागत नाही'. औषध घेऊ नये आणि औषध घ्यावे लागत नाही, यांतील अंतर रुग्णाच्या जिवाशी निगडित असू शकते. मराठीने मनाईसाठी 'नये' हा स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. 'नये' आले की 'देबेर', 'लागत नाही' आले की 'तेनेर के', एवढे ध्यानी ठेवल्यास पुष्कळ घोटाळे टळतात.

मराठीचा आधार सर्वत्र पुरतो असे मात्र नाही. 'मला चहा पाहिजे' आणि 'मला गेले पाहिजे' येथे शब्द एकच. हिंदीचा 'चाहिए'ही तसाच. स्पॅनिशमध्ये इच्छेसाठी 'केरेर' व कर्तव्यासाठी 'देबेर' असे वेगळे शब्द आहेत. शिवाय 'मला जावे लागते' यात व्यक्ती चतुर्थीत व क्रियापद स्थिर. 'तेंगो के इर' यात 'मी' हा कर्ता आणि क्रियापद पुरुषानुसार बदलणारे. सवयीने 'मला' घालणारा विद्यार्थी येथे अडखळतो. व्यक्तीचा उल्लेखच नसलेल्या 'जावे लागते' या वाक्यासाठी 'आय के इर' आहे. या 'आय'च्या आरंभी लिहिला जाणारा हकार उच्चारीत नाहीत.

कायद्याच्या भाषेत हे साम्य विशेष उपयोगी पडते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर प्रशासनात मराठीचा वापर वाढत गेला, तसतसे विधिभाषेचे संकेतही रुळले. 'अधिकारी चौकशी करील' यात कर्तव्य आहे. 'अधिकाऱ्यास चौकशी करता येईल' यात केवळ अधिकार. दोन्हीकडे काळ भविष्यच. स्पॅनिश कायद्यांतही 'देबेरा' आणि 'पोद्रा' ही भविष्यरूपेच येतात : पहिल्याने बंधन घातले जाते, दुसऱ्याने मुभा दिली जाते. करारपत्र वाचताना 'पोद्रा'चा अर्थ 'देबेरा' असा घेणारा वाचक समोरच्या पक्षाने कधीही न दिलेले वचन गृहीत धरून बसतो.