टॉर्चमध्ये कोणता सेल घालाल?

परवा रात्री मोटर चालू करायला निघाले, तर वाटेतच टॉर्च विझला. बांधावरचा साप जाऊबाईंच्या उजेडात दिसला, म्हणून वाचले.

साधा सेल स्वस्त. कधीमधी लागणाऱ्या टॉर्चला तो चालतो, पण संपल्यावर आतच राहिला तर पाझरतो. अल्कलाइन सेल महाग, तरी बराच जास्त टिकतो. रोज रात्री शेतात जायचं असेल, तर चार्जिंगचे सेल घ्या. १.५ऐवजी १.२ व्होल्टचे असले, तरी शेकडो वेळा चार्ज होतात. पडून राहिले तर मात्र उतरतात.

साधा सेल चार्जरला लावू नका. जुना-नवा एकत्र घालू नका. संपलेला चुलीत टाकू नका, फुटतो. आणि बायांनो, अंधार पडण्याआधी टॉर्च एकदा लावून बघा.