बंद लॅपटॉपातली ठेव



वर्धापनदिनी भरतकाम नाही, पाककृती नाही, आणि मी उभी राहिले आहे ती बंद पडलेल्या लॅपटॉपवर बोलायला. काहीजणींना हसू येईल. परंतु मंडळाचा जमाखर्च, भिशीची यादी, हळदीकुंकवाचे फोटो आता वहीत नसून यंत्रात असतात, आणि ते यंत्र एके दिवशी डोळे मिटते. दुकानदार म्हणतो, "बाई, हा गेला, नवा घ्या." आपण मान डोलावतो आणि जुना भंगारात देतो. माझे सांगणे एवढेच की, घाई करू नका.

चूल मोडली म्हणून कोठीतले धान्य नाहीसे होत नाही. बटण दाबून दिवासुद्धा लागत नाही, तेव्हा बहुधा चार्जर, बॅटरी किंवा मदरबोर्ड बिघडलेला असतो. आपल्या फायली असतात निराळ्या जागी. जुन्या लॅपटॉपात अडीच इंची हार्ड डिस्क असते. चार्जर काढावा, बॅटरी सोडवावी, तळाचे स्क्रू काढावेत. बहुतेक यंत्रांत ती सहज बाहेर येते. तिच्यासाठी यूएसबीची केस मिळते, काहीशे रुपयांत. त्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडली की पेनड्राइव्हसारखी उघडते. नव्या यंत्रांत तिच्या जागी एसएसडी नावाची बोटाएवढी पट्टी असते. तिची केस वेगळी, म्हणून पट्टी बरोबर नेऊनच घ्यावी. काही लॅपटॉपांत मात्र ती मदरबोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते. तेथे आपला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवावा.

येथे एक फसगत होते. जोडल्यावर पडद्यावर कधीकधी प्रश्न येतो : डिस्क फॉरमॅट करायची का? आपल्याला सवय "हो" म्हणण्याची. तेथे "नाही"च म्हणा. शिवाय विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप घातलेले असेल, तर ४८ अंकी किल्ली लागते. ती पुष्कळदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, पण खात्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही. तेवढा आजच कुठेतरी लिहून ठेवा.

आता पाण्याविषयी. कोल्हापुरात राहून ते टाळता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. दुसऱ्या पुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरातला लॅपटॉप दोन दिवस पाण्यात होता. त्यात आमच्या सासूबाईंचा आवाज होता. कांदा-लसूण चटणीचे प्रमाण त्या सांगत होत्या आणि मी ध्वनिमुद्रण करीत होते. त्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

मी काय केले? लॅपटॉप पुसला, उन्हात ठेवला, कुणी सांगितले म्हणून तांदळाच्या डब्यातही पुरला, आणि आठव्या दिवशी डिस्क काढून जोडून पाहिली. टक्, टक्, टक् असा आवाज आला. मी बंद करून पुन्हा लावली. एकदा नव्हे, चारदा. ती चूक माझी.

हार्ड डिस्कच्या आत चकती फिरते, मिनिटाला ५४०० वेळा, आणि तिच्यावर वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी अंतरावर तरंगते. डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते. त्यातून पुराचे पाणी शिरते. पाणी वाळते, गाळ मागे राहतो. तांदूळ गाळ कसा शोषणार? जाणकार सांगतात की, भिजलेली डिस्क वाळवूच नये, ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे द्यावी, आणि मुख्य म्हणजे तिला वीज दाखवू नये. टक्‌टक् ऐकू आली तरी हाच नियम.

शेवटी आमची डिस्क पुण्याला धाडली. खर्च नव्या लॅपटॉपाजवळ गेला. घरात त्यावरून बोलणेही झाले. फोटो निम्मे आले. सासूबाईंचा आवाज आला, पण मिठापाशी तुटतो. मिरची किती, खोबरे किती, तीळ किती, सारे आहे. मीठ आम्ही अंदाजाने घालतो.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले, आपल्या कल्पना चावला त्यात होत्या. त्या यानातली एका प्रयोगाची हार्ड डिस्क पुढे टेक्सासमध्ये काळीठिक्कर पडलेली सापडली. तज्ज्ञांनी तिच्या चकत्या नव्या सांगाड्यात बसवून जवळजवळ ९९ टक्के माहिती परत मिळवली, आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचा निबंध छापून आला. म्हणून भंगारवाल्याची हाक आली की थोडे थांबावे, असे मला वाटते.

पुढच्या मंगळवारी मी मंडळात स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन्ही प्रकारच्या केसेस घेऊन येणार आहे. माळ्यावर ज्यांचा बंद लॅपटॉप पडला असेल त्यांनी आणावा. पुरात भिजलेला असेल तर मात्र उघडू नका, तसाच आणा.